दोन पेट्या, सांता इफिजेनिया

सोमवारी थोरला आला, काळी पेटी बगलेत.
बुधवारी धाकटा, करडी पेटी पावाच्या पिशवीत.
दोघांनी दारातूनच विचारलं,
"तो येऊन गेला का?"
मी स्क्रू शोधत राहिले.

तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या कडेला
माझं दीड मीटरचं टेबल.
खाली साओ पाउलोच्या बसने ब्रेक मारला
की भिंगाखालचा चिमटा थरथरतो.
तेवढा वेळ थांबायचं. मग डाग द्यायचा.

काळीचं आधी सांगते.
हिचं डोकं चपळ,
करडीचा एक ठोका पडेतो हिचे दोन होऊन वर थोडे उरतात.
वीस दुष्ट एकदम अंगावर आले तरी पदर खोचून उभी.
रंगांच्या बाबतीत मात्र हात आखडता:
एका वेळी चौसष्ट, वर एक मागू नका.
मावळतीचं आभाळ काढ म्हटलं
तर ठिपक्यांची रांगोळी घालते,
आणि जुन्या, अंधूक टीव्हीवर
ते ठिपके एकमेकांत विरघळून
खरंच आभाळ होतात.
आवाज पत्र्याचा. माणूस बोललं तर घशात वाळू.
पण खर्ज लागला की टेबलावरचे नट उड्या मारतात.

करडी निवांत.
बत्तीस हजार रंगांतून
दोनशे छप्पन्न निवडून नेसणारी.
जमीन कलती करून क्षितिजापर्यंत अंथरते,
गरगर फिरवते, आपल्यालाच भोवळ येते.
गर्दी झाली की पाय ओढते,
गोळी हवेत रेंगाळते,
(धाकटा म्हणतो, तेवढ्यात विचार करायला मिळतं.)
सूर मऊ, पण उशीत तोंड खुपसून गायल्यासारखे.
आणि ही पिवळी पडते.
उन्हात पडते, कपाटात ठेवली तरी पडते,
वरचा अर्धा पिवळा, खालचा तसाच,
जणू दोन वेगळ्या घरांत वाढलेले.

झाकणं काढली, आणि काय सांगू,
पळसाला पाने तीनच.
दोघींचे कपॅसिटर पाझरलेले,
तोच शिळ्या मासळीचा वास.
दोघींच्या खाचांत तोच हिरवा गंज:
कॅसेट चालेना की फुंकर मारायची,
आणि फुंकरीत थुंकी असते
हे दहा वर्षांच्या पोराला कोण सांगणार?

मग ते दिसलं.
आधी काळीत, मग करडीत, त्याच कोपऱ्यात:
हाताने बसवलेली बोटभर पट्टी.
पेराग्वेतून पूल ओलांडून चोरून आलेल्या पेट्या
इथल्या टीव्हीवर काळ्यापांढऱ्याच दिसायच्या.
रंग हवा तर अशी पट्टी आत डकवावी लागे.
डाग तोच, शेवटी डावीकडे शेपटी निघालेला.
वायर तीच, निळी, जुन्या टेलिफोनची.
ही शेपटी मी ओळखते.
ब्रासमध्ये टीव्ही दुरुस्त करायचा ओलिंतो,
त्याच्या टेबलाशी मी सोळाव्या वर्षी शिकले.
उजवा हात कापायचा त्याचा.
या दोघांचा बाप.

तीस वर्षं ही पोरं भांडली
कुणाचे रंग खरे म्हणून.
आता तर बेकरीच्या वाटणीवरून कोर्टात आहेत.
रंगावरून सुरू झालं होतं असं नाही,
पण जेवणाच्या टेबलावर
पहिली थाळी फुटली ती रंगावरून,
मी तिथे होते, काच मीच गोळा केली.

सांगावं का?
दोनदा फोन उचलला. ठेवला.
कपॅसिटर बदलले, खाचा स्पिरिटने पुसल्या,
काळीला नवा फ्यूज, करडीचं बटण सैल केलं.
दोन्ही बिलांवर शेवटी एकच ओळ लिहिली:
"रंगाची पट्टी वडिलांची. चांगली आहे. हात लावला नाही."

थोरल्याने बिल न वाचता खिशात घातलं.
धाकटा शुक्रवारी येतो म्हणाला होता.
अजून आलेला नाही.